चव्वेचाळीस पेले

मिंकबा, बगान
१५ डिसेंबर २०१४

प्रिय थूझास,

ताईचे अनेक आशीर्वाद.

तू थदिंजूच्या सणाला पाठवलेली ड्युरियनची वडी या वर्षी दोन महिने उशिरा पोचली. पोस्टातल्या माणसानं पुडा लांब धरूनच दिला, वासाला भ्याला असणार. वडी चांगली आहे, मागच्या वर्षीपेक्षा मऊ. आत नेहमीची चिठ्ठी होती. "शरीरानं, वाचेनं, मनानं माझ्याकडून काही चुकलं असेल तर ताईनं क्षमा करावी." एकोणीस वर्षं हीच ओळ, तीच निळी शाई. धाकट्यानं थोरल्याची क्षमा मागायचा सण आहे, तू रीत सोडली नाहीस. मीही दर वर्षी "क्षमा आहे, सुखी राहा" एवढं लिहून पाठवते आणि वडी शेजारी वाटते.

या वर्षी ते उत्तर हातून लिहवेना. तीन कागद फाडले. आता घरात फोन आहे, पण हे फोनवर बोलता येणार नाही.

आधी इकडची खबर सांगते. थंडी बरी आहे. नदी उतरली, वाळूत शेंगदाणा लावलाय. लाखेच्या भांड्यांवरचं बारीक कोरकाम मी सोडलं, डोळे साथ देत नाहीत. आता फक्त कामट्या विणते आणि लाखेचा पहिला हात देते. बो नीनं तीनचाकी घेतली आणि पुढच्या काचेवर स्वतःचं नाव माझ्याकडून सोनेरी रंगात काढून घेतलं. शेजारधर्म म्हणून काढलं, पण अक्षरं जरा मोठीच झाली, आता त्याला रस्ता कमी दिसतो. देवळाची चावी अजून माझ्याच कमरेला आहे. आठवड्यात एखादा पाहुणा येतो, चित्रं बघतो, जातो.

तर गेल्या मंगळवारी असाच एक आला. चाळिशीच्या पुढचा, नीट इस्त्रीची लुंगी, खिशाला दोन पेनं. बघताक्षणी कळलं, शाळामास्तर. सकाळचे सात वाजले नव्हते. मी चावी घेऊन निघाले तर बो नी ओरडला, "मावशी, चावी द्यायला चाललीस की चौकशी करायला?" मी म्हटलं, "दोन्ही. तुला काय त्रास?"

मास्तरांनी चपला काढल्या, मूर्तीला तीनदा वाकून नमस्कार केला. माणसं आत आली की पहिल्यांदा उत्तरेच्या भिंतीवरच्या जातककथा बघतात. यांनी तिकडं मान वळवलीच नाही. सरळ मूर्तीच्या मागच्या बोळात गेले, दोन्ही बाजूंच्या भिंती बघितल्या आणि मला विचारलं, "बाई, ती खार कुठं आहे?"

थूझा, ती खार कुठल्या पुस्तकात नाही. सरकारी लोक दोनदा येऊन भिंती मोजून गेले, त्यांनाही सापडली नाही. उताणं पडल्याशिवाय ती दिसत नाही. तू सात वर्षांची होतीस तेव्हा तिथं उताणी पडून तू ती शोधलीस. पाय मूर्तीकडे होतात म्हणून आपण आईलाही सांगितलं नव्हतं.

"कुणी सांगितलं खारीचं?" मी विचारलं.

"एकीनं."

"एकीनं म्हणजे कुणी?"

"होती एकजण. कॉलेजात."

मग त्यांनी पाय पोटाशी घेतले, पावलं लुंगीत झाकली आणि फरशीवर आडवे झाले. पुष्कळ वेळ वर बघत होते. उठले तेव्हा म्हणाले, "तिनं सांगितलं होतं की शेपटी अर्धीच रंगवलीय. खरंच की." तिथंच मला कळायला हवं होतं. कळलंही असेल, मीच कळू दिलं नाही.

त्यांनी बाहेर येऊन सांगितलं, की दर वर्षी याच महिन्यात ते पकोक्कूहून येतात आणि बुद्धाच्या दंतधातूचे चारही पगोडे एका दिवसात करतात. इतकी वर्षं खार राहून जायची, या वेळी ठरवून आले. तू मला ओळखतेस, अर्धी गोष्ट माझ्या पोटात राहत नाही. मी म्हटलं, "मलाही चार पगोड्यांचं पुण्य हवंय. तीनचाकी आपल्या शेजाऱ्याची आहे." बो नी गालात हसला. मी कुलूप लावलं आणि मागच्या फळीवर जाऊन बसले.

पहिला श्वेझिगोन. फुलं वाहिली, आणि मास्तर आपल्या जन्मवाराच्या कोपऱ्यात गेले, पूर्वेला वाघाच्या मूर्तीपाशी. म्हणजे सोमवारचा माणूस. स्वतःसाठी पाणी घातलं, मी मोजलं, शेहेचाळीस पेले. वयापेक्षा एक जास्त, म्हणजे पंचेचाळीस वर्षांचा. इथवर काही विशेष नाही. मग ते उजव्या हातानं फिरत फिरत उत्तरेला आले, शुक्रवारच्या गिनीपिगापाशी थांबले आणि पुन्हा पेला भरला. मी झेंडूची माळ नीट करायचं नाटक करत उभी राहिले आणि मोजत राहिले. चव्वेचाळीस.

शुक्रवारची बाई, वय त्रेचाळीस, अर्ध्या शेपटीची खार. थूझा, ही तूच होतीस.

मी त्यांना कधी पाहिलं नव्हतं ना. एकोणीस वर्षांपूर्वी त्यांची मावशी आपल्याकडे मागणी घेऊन आली तेव्हा माझ्यापर्यंत फक्त त्यांचं नाव आलं, खाइंग विन, आणि वार आला, सोमवार. शुक्रवारची मुलगी आणि सोमवारचा मुलगा, असं लग्न टिकत नाही, दोघांतलं एक जातं, हे आपल्याकडे शेंबडं पोरही सांगेल. मावशीला मुरवलेल्या पानांच्या लोणचं-चहाचा डबा पुढं करून मीच ते बोलले. तू आतल्या खोलीत होतीस. आई अंथरुणावर होती, तिचं अर्धं अंग गेलेलं, ती काही बोलू शकली नाही. मावशीनं एक घास खाल्ला आणि उठली. महिन्याभरात तू मावलाम्याईनला नोकरी धरलीस. आईच्या अंत्यविधीला आलीस आणि सातव्या दिवशी गेलीस.

श्वेझिगोनला मी काही बोलले नाही. तुयिनच्या टेकडीवरही नाही. तिथंही चव्वेचाळीस झाले. तिसरा लोकनंदा, नदीच्या काठावर. तिथं बो नी माझ्या कानाशी येऊन म्हणाला, "मावशी, तुझं तोंड का उतरलंय? पुण्य जड झालं का?" मी त्याला तीनचाकी धुवायला पिटाळलं.

चौथा नदीपार, तांचीच्या डोंगरावर. नावेत आम्ही दोघंच आणि नावाडी. मी विचारलं, "घरी कोणकोण?"

"मुलगा मंडालेला शिकतो. बायको गेली सहा वर्षांपूर्वी."

"आणि हे पाणी? तिला चालायचं?"

मास्तर पाण्याकडे बघत म्हणाले, "तिला पहिल्याच वर्षी सांगितलं होतं. ती म्हणाली, घाला की, पाण्याला काय तोटा आहे, त्या बाईचंही भलं होऊ दे. पुढं तीच तांब्या भरून द्यायची." थोड्या वेळानं म्हणाले, "त्या कोपऱ्यात पाणी घातलं की तिच्यावरचं संकट टळेल, एवढंच. बाकी माझं काही मागणं नाही."

मला नावेत बसवेना. आता ते सांगते, जे तीन कागद फाडून झाल्यावरही टाळत आले.

तू झालीस त्या पहाटे मी दहा वर्षांची होते. सुईणीनं तुला हातात घेतलं आणि मला म्हणाली, "पोरी, खाली अंगणात जा. तळहाताच्या रेषा दिसतात का बघून ये." आपल्या गावात दिवस तसाच मोजायचे, भिक्षू जसा मोजतात तसा. रेषा दिसल्या तर शुक्रवार लागला, नाही दिसल्या तर अजून गुरुवारच. आदल्या दिवशी आपल्या जिन्याखाली मण्यार निघाली होती. मी दारातच उभी राहिले. तळहात डोळ्यांसमोर धरला, काहीसुद्धा दिसत नव्हतं. वर येऊन म्हटलं, "दिसतात."

त्यानंतर पुष्कळ वेळानं उजाडलं. मी जागीच होते. पण तोवर बाबा ज्योतिष्याकडे निघून गेले होते आणि ताडपत्रावर शुक्रवार कोरला गेला होता.

हे पोराचं खोटं. त्याचं मला फार ओझं नाही. पण चोवीस वर्षांनी ती मावशी आपल्या ओसरीवर बसली होती तेव्हा मी चौतीस वर्षांची होते, आणि ती पहाट मला स्वच्छ आठवत होती. मी एक वाक्य बोलले असते तर गुरुवार आणि सोमवारला काहीच आड येत नव्हतं. मी ते बोलले नाही, उलट शुक्रवार पुढं केला. तू गेलीस तर आईचं अंग पुसायला, चावी सांभाळायला, संध्याकाळी बोलायला मला कुणी उरणार नव्हतं. हे खरं कारण आहे, दुसरं नाही. आणि तू तर गेलीसच.

तांचीच्या पायऱ्या मी कशा चढले, माझे गुडघे जाणोत. वर पोचले तेव्हा मास्तर उत्तरेच्या कोपऱ्यात होते. अकरावा पेला हातात होता. मी म्हटलं, "मास्तर, थांबा. तिचा वार तो नाही."

त्यांनी मान वळवली. "म्हणजे?"

"गुरुवार. मी थूझाची बहीण."

"ते मला सकाळीच कळलं," ते म्हणाले. "चावी तिच्या बहिणीकडं असते हे तिनंच सांगितलं होतं. पण पत्रिकेत शुक्रवार आहे. मी बघितलीय."

"ती पत्रिका माझ्या शब्दावर लिहिलीय." आणि मग तिथंच, भर उन्हात, मी सगळं सांगितलं. रेषा, मण्यार, लोणचं-चहाचा डबा, सगळं. दोन म्हाताऱ्या झाडू मारायचं सोडून ऐकत होत्या, त्यांनाही ऐकू दिलं.

मास्तरांच्या हातात पेला तसाच होता. मला वाटलं, पेला माझ्या अंगावर फेकतील, आणि फेकला असता तर बरं झालं असतं. मग ते गिनीपिगाकडे बघून म्हणाले, "एकोणीस वर्षं. याला बिचाऱ्याला सर्दी झाली असेल." हसायला गेले आणि हसता आलं नाही.

त्यांनी पेला काठोकाठ भरला. उत्तरेकडून पश्चिमेला गुरुवारच्या उंदराचा कोपरा उलटं गेलं तर पंचवीस पावलांवर आहे. पण पगोडा उजव्या हाताला ठेवूनच फिरायचं, उलटं कसं जाणार? सगळी पूर्व, सगळी दक्षिण फिरून, भरलेला पेला दोन्ही हातांत धरून ते गेले. मी मागून गेले. थेंबसुद्धा सांडला नाही. उंदराजवळ हौद आहे, पुढचे पेले तिथूनच घेतले. ते घालत होते, मी मोठ्यानं मोजत होते. म्हाताऱ्यांनी शेवटी तीनदा "साधू" म्हणत पुण्याला होकार दिला.

चव्वेचाळीस झाल्यावर त्यांनी विचारलं, "तिला हे माहीत आहे?"

"नाही."

"मग मला आधी का सांगितलंत?" आवाज चढला नव्हता, पण एवढं लागेल असं मला आयुष्यात कुणी बोललं नव्हतं. "वार तिचा आहे. तिला सांगा."

मी विचारलं, तुमचा काही निरोप? ते म्हणाले, निरोप नाही, आधी तिला तिचा वार मिळू दे. परतीच्या नावेत मीच त्यांच्याकडून पत्ता मागून घेतला. मागच्या पानावर उतरवलाय. त्याचं काय करायचं ते तुझं तू बघ. या खेपेला मी मध्ये नाही.

वडीबरोबरच्या सगळ्या चिठ्ठ्या मी लाखेच्या डब्यात ठेवल्यात. काल बाहेर काढून एकावर एक वाचल्या. जिचं काहीच चुकलं नाही ती एकोणीस वेळा क्षमा मागतेय, आणि जिनं चुकवलं ती क्षमा करतेय. तुझी अक्षरं बघून मी रडले. खोटं कशाला लिहू, खूप रडले.

थोरल्यानं धाकट्यापुढं वाकायची आपल्यात रीत नाही. सण उलटूनही दोन महिने झाले. तरी हे लिहून झाल्यावर मी मावलाम्याईनकडे तोंड करून, तीनदा, कपाळ जमिनीला टेकणार आहे. बो नी कुंपणावरून बघेल तर बघू दे. शरीरानं मी तुझं काही बिघडवलं नाही. मनानं बिघडवलं. वाचेनं दोनदा, एकदा "दिसतात" म्हणून आणि एकदा गप्प बसून. माझ्या हातून झालं ते हे. क्षमा कर. करवली नाही तरी चालेल, फक्त पुढच्या वर्षी ती ओळ लिहून पाठवू नकोस.

एक राहिलं. आपल्यात वारावरून नावाचं अक्षर ठरतं, म्हणून तू गुरुवारी झालीस तर तुझं नाव काय ठेवायचं, हेही आईनं ठरवून ठेवलं होतं. प्योन. हसू. शुक्रवार निघाला आणि ते नाव कुणाच्याच कामी आलं नाही. आई गेल्यापासून ते मला एकटीला माहीत होतं, आज तुझं तुला परत करते. वरती थूझा लिहिलं ते सवयीनं.

प्योन, तुझ्या पाया पडते.

न्वे न्वे

(खाली ताई लिहिलेलं नाही. तो शब्द तुझ्याकडून आला तरच पुढं लिहीन.)