फणीतलं कुंकू

आई, काल किल्ल्यावर गेले होते. तिथं सापडलेल्या वस्तूंची खोली आता नव्यानं मांडताहेत, आणि वस्तूंखालच्या पाट्या तपासायला मला बोलावलं होतं. कॉलेजात इतिहास शिकवून निवृत्त झालेली या भागात मी एकटीच. तिथली अधिकारी माझ्या विद्यार्थिनींच्या वयाची, नम्र पण हट्टी. तांब्याच्या आरशाखाली 'राणीचा आरसा' असं लिहिलं होतं. मी 'राणीचा' खोडलं. ती म्हणाली, "मॅडम, लोकांना राणी आवडते." म्हटलं, "आवडते म्हणून आणायची का? आरशावर नाव आहे तिचं?" दगडी दिवा, अडकित्ता, हुक्क्याचं बूड, हिरव्या काचबांगड्यांचे तुकडे, जोडवी, असं एकेक खोडत, दुरुस्त करत मी पुढं सरकत होते. मग फणी आली. हस्तिदंती, दोन्ही बाजूंना दात, एका कोपऱ्यात मोडलेली. खाली लिहिलं होतं, 'दातांमध्ये हळदकुंकवाचे अवशेष. किल्ल्यातील तत्कालीन स्त्रिया ही फणी पूजेत वापरत असाव्यात.' माझं पेन थांबलं.

अण्णांनी ती फणी घरी आणली ती संध्याकाळ मला अजून दिसते. अण्णा किल्ल्याचे पहारेकरी. हौदातला गाळ काढताना जे मिळेल ते पुरातत्त्व खात्याचे साहेब येईपर्यंत अण्णांच्या ताब्यात. त्या दिवशी खोलीची किल्ली साहेबांकडंच राहिली, म्हणून फणी फडक्यात बांधून त्यांनी घरी आणली. भाकऱ्या उरकून तू माझी वेणी घालतेयस. घाई असली की तू केस असे ओढायचीस, की डोळ्यांत पाणी यायचं. अण्णांनी फडकं सोडलं तशी माझी वेणी अर्धी टाकून तू हात धुऊन आलीस. फणी कंदिलापाशी धरून म्हणालीस, "हिनं बी कुण्या पोरीला असंच रडवलं असंल." आणि देवापुढचा करंडा काढलास.

"आई, ती सरकारी वस्तू आहे," मी म्हणाले. आठवीत होते, पण नियम मला तेव्हाच सगळे पाठ.

"मग सरकारला आय न्हाय व्हय? बाईचं लेणं घरात आलंय, उद्या जाणार. तसंच मोकळं पाठवू?"

आपल्याकडं देवीला हिरव्या बांगड्यांबरोबर फणी-करंडा वाहतात, आणि सासरी निघालेल्या लेकीला ओटी भरल्याशिवाय उंबरा ओलांडू देत नाहीत. तुझ्या लेखी ती फणी म्हणजे कुणाची तरी लेकच. बोटानं हळद लावलीस, कुंकू लावलंस, पुढं मूठभर तांदूळ ठेवलेस. अण्णांनी कपाळाला हात लावला. "अगं, नोकरी घालवतीस का माझी?" तू वर न बघताच म्हणालीस, "कुंकवानं जाती व्हय तुमची नोकरी? मग लई कच्ची हाय."

सकाळी अण्णांनी पंच्यानं पुसून पुसून काढलं. वरचं गेलं, दातांच्या फटीतलं राहिलं. साहेबांनी भिंगातून पाहिलं आणि ओरडलेच, "कुंकू! शेकडो वर्षांचं कुंकू!" अण्णा नुसते ताठ उभे. घरी येऊन त्यांनी हे सांगितलं, तेव्हा तू तोंडात पदर कोंबून हसत सुटलीस. "एका रात्रीत लई म्हातारं झालं की हो माझं कुंकू!" तुला इतकं हसताना मी फार वेळा पाहिलं नाही. तू कडक होतीस. मी तुझ्यावर गेलेय असं लोक म्हणतात, आणि ते काही कौतुकानं म्हणत नाहीत.

तर काल, खरं काय ते लिहायचंच म्हणून मी पुन्हा पेन उचललं. आधी सहज विचारलं, "जुन्या वस्तूला नंतरचं काही चिकटलेलं निघालं, तर काय करता?"

"काढून टाकतो, मॅडम. औषधानं पुसलं की एकदम स्वच्छ."

तुझा एकही फोटो नाही. लुगडी वाटून टाकली, करंडा घरं बदलताना कुठं गेला कुणाला माहीत नाही. तुझ्या बोटाचं म्हणावं असं आता एवढंच उरलंय, काचेआड, हस्तिदंताच्या फटीत. मी पाटीवरचं दुसरं वाक्य पूर्ण खोडलं. पहिल्यातलं 'अवशेष' खोडलं. 'दातांमध्ये हळदकुंकू' एवढंच ठेवलं. त्यात खोटं काही नाही. ती माझ्या खांद्यावरून वाकून बघत होती. म्हणाली, "आणि काळ कुठला लिहू, मॅडम?"

हे पत्र मी कुणाला दाखवणार नाही. दाखवलं तर फणी पुसतील. तुला मात्र सांगते. पुराव्याशिवाय बोलू नका म्हणून मी जन्मभर मुलांना दटावत आले, आणि काल त्या पोरीच्या डोळ्याला डोळा भिडवून म्हणाले, "काळ नका लिहू. नक्की सांगता येत नाही."