उजवा कौल

११ डिसेंबर १९४९, रविवार
काल हुकूम हातात पडला. कुरुंदवाडच्या नव्या मुलींच्या शाळेत मुख्याध्यापिका, २ जानेवारीला हजर व्हावे. संस्थान गेलं, दरबारचे कितीक लोक घरी बसले, आणि माझी मात्र बढती. वकीलसाहेबांनी (यापुढे 'व. सा.'; नवऱ्याचं नाव कागदावरही घेववत नाही, एवढी शिकून!) हुकूम वाचला, "छान" म्हणाले आणि परत वर्तमानपत्रात शिरले. जा की नको, ते त्या 'छान'मध्ये कुठं नव्हतं.

१५ डिसें., गुरुवार
मार्गशीर्षातला शेवटचा गुरुवार. घट मांडला, हळदीकुंकू झालं. शेजारणी विचारत होत्या, "वयनी, जानार व्हय खरंच?" माझ्याआधी सासूबाईंनी उत्तर दिलं, "पौषात कोन घर सोडतंय का? आनि ल्हान पोर कुनाच्या गळ्यात?" नलू सात वर्षांची. मी शाळेत शिकवायला जाते तेव्हापासून त्यांच्याच गळ्यात आहे, आणि तिथं सुखात आहे. मी प्रसाद वाटला. कुरुंदवाड काय विलायतेत आहे? शनिवारी मोटारीत बसलं की घरी.

१८ डिसें.
वाचनालयात व. सा. यांचं व्याख्यान. विषय: नवी घटना. बाई आणि पुरुष कायद्यापुढं एक, यावर टाळ्या कडाडल्या. मागं बसलेल्या आम्हां चार बायकांकडं लोकांनी वळून पाहिलं, जणू आम्हीच ती घटना लिहिली. घरी येताच, "पाणी तापलं का?"
नंतर मित्रमंडळींची बैठक. अर्धा वेळ महाराजांच्या राज्यासाठी हळहळ, अर्धा वेळ दारूबंदी येणार म्हणून. दुसरी हळहळ जास्त मनापासून. चहा तीनदा. साखर रेशनची, हे फक्त मला ठाऊक.

२१ डिसें.
आत्याबाईंनी (सासूबाईच) तोडगा काढला. पन्हाळ्याच्या पलीकडं त्यांचं माहेर, तिथल्या देवाला कौल लावायचा. "द्येव सांगंल तसं." मला वाटलं, व. सा. हसण्यावारी नेतील. तर म्हणाले, "लावू या की. आईचं समाधान होईल." मला बाजूला घेऊन, "तुझ्यावरही वाईटपणा येणार नाही." म्हणजे देव काय म्हणणार, ते यांना आधीच ठाऊक.
रागानं भाकरी करपली. तीच त्यांना वाढली.

२५ डिसें., रविवार
नाताळची सुट्टी. सगळे गावी. गुरवानं देवाच्या दोन्ही खांद्यांवर ओल्या कळ्या चिकटवल्या. उजवी आधी पडली तर होय, डावी पडली तर नको. आत्याबाईंनी पदर पसरून विचारलं, "सुनंला कुरुंदवाडला धाडू का, बाबा?"
मी डोळे मिटले नाहीत. टक लावून बघत होते. देवावर एवढा जीव कधी लावला नव्हता.
उजवी पडली.
व. सा. म्हणाले, "वारं आलं वाटतं." गाभाऱ्यात कुठलं वारं? आत्याबाईंनी पुन्हा विचारलं. पुन्हा उजवी. तिसऱ्यांदा कळी लावायला सांगितली, तेव्हा गुरव खेकसला, "आजी, द्येवानं सांगितलं की! आनि किती येळा इचारनार?"
परतीच्या मोटारीत नलू तेवढी गात होती.

२६ डिसें.
व. सा. सकाळी म्हणाले, "अगं, एक कळी गळून पडली, त्यावर संसार चालवायचा का? आपण शिकलेली माणसं."
"डावी पडली असती तर?"
चष्मा शोधू लागले. चष्मा नाकावर होता.
सरत्या वर्षाचं सार म्हणून हे लिहून ठेवते. राजा गेला, घटना आली, देवानंही होय म्हटलं. आमच्या घरचं कोर्ट मात्र तारीख देतंय.

२९ डिसें.
आत्याबाईंनी शेंगदाण्याची चटणी कुटली. बरणीला फडकं बांधून माझ्या ट्रंकेत ठेवली. पौषाचं मी मुद्दाम काढलं. म्हणाल्या, "द्येवानं सांगितल्यावर पौष काय करतोय?" लेकाशी बोलत नाहीत. ताट पुढं सरकवतात, बस्स. आजवर ज्यांच्याशी भांडले त्याच माझ्या बाजूला, आणि ज्यांच्या भरवशावर भांडले ते...

३१ डिसें., शनिवार
व. सा. कोर्टातून लवकर आले. "जा म्हणत नाही, जाऊ नको म्हणत नाही. तुझं तू ठरव." बरं वाटलं. लगेच पुढं, "सोमवारी संध्याकाळी पाच जण जेवायला सांगितलेत. तांबडा-पांढरा रस्सा कर." सोमवारी म्हणजे दोन तारखेला.
"दोन तारीख हाय न्हवं?" आत्याबाई.
"अरे हो," म्हणाले आणि फिरायला रंकाळ्यावर गेले. विसरले असतील तर वाईट. नसतील तर त्याहून वाईट.
आत्याबाई माजघराच्या उंबऱ्यावर येऊन टेकल्या. "त्येचं ऱ्हाऊ दे. द्येवाचं बी ऱ्हाऊ दे. तुला जायाचं हाय का?"
तीन आठवडे यासाठी जळते आहे. दिवसभर मनात सगळ्यांना उत्तरं देत असते. पण हे मला कोणी विचारलंच नव्हतं, लग्न ठरतानाही नाही. तोंड उघडलं आणि रडूच आलं. लिहायचं निमित्त करून आत आले.
त्या अजून उंबऱ्यावर बसून आहेत.