साहेबाला दिलेले उत्तर

भाद्रपद वद्य सप्तमी, दिवेलागण

इंग्रजी फुकट शिकलो म्हणतो खरा, पण त्यात दोन वर्षांच्या संध्याकाळी गेल्या. संगमावरच्या साहेबाकडे तूप पोचवायचे, तिथे कानावर पडेल ते घरी आणून घोकायचे. ‘साहेब काहीही विचारो, उत्तर जिभेवर तयार!’ असे नारायण पेठेत सांगत फिरलो.

घोकून घ्यायची ती आमची बायको. लाटणे छडीसारखे काखेत धरून साहेब व्हायची.

“हौ इज युवर वाइफ?”

“व्हेरी वेल, सर!”

“खोटं! अहो, तिची कंबर धरलीय. उठा, कणीक मळा!” आणि हसत सुटायची.

तिला जाऊन आज वीस दिवस झाले. लाटणे फडताळात तसेच आहे.

त्यानंतर आज प्रथमच संगमावर गेलो. साहेबाने सहज तेच विचारले. मला ते काखेतले लाटणेच दिसले, आणि तोंडून निघून गेले, “व्हेरी वेल, सर.” साहेब हसून आत गेला.

असे कसे बोललो मी? खरे सांगावे म्हणून मागे फिरलो, पायरीवर किती वेळ उभा राहिलो. ‘ती वारली’ हे इंग्रजीत कसे म्हणतात, ते मला येत नाही.