संवर्धन, परंतु काचेचे

प्रति,
मा. पशुसंवर्धन अधिकारी,
पशुसंवर्धन कार्यालय (गुरांच्या दवाखान्यावरील मजला)

विषय : सदर अर्ज पशुसंवर्धनाचा नसल्याबाबत, तथापि तो आपल्याकडेच ठेवून घेण्याबाबत.

संदर्भ : आपले पत्र, ज्यात अर्जदाराकडील काचांचे लसीकरण झाले आहे काय, अशी विचारणा आहे.

महोदय,

सविनय सादर करण्यात येते की, अर्जदार हिने रंगीत काचचित्रांचे संवर्धन या विषयात पदव्युत्तर शिक्षण घेतले आहे. जुन्या खिडक्यांत रंगीत काचेचे तुकडे शिशाच्या पट्ट्यांत बसवलेले असतात. शिसे थकले की चित्र पोट सुटल्यासारखे पुढे येते. ते अलगद उतरवून, साफ करून, तडे सांधून पुन्हा उभे करणे हा अर्जदाराचा व्यवसाय आहे, म्हणजे असावा अशी अपेक्षा आहे.

१. शिक्षण संपताच अर्जदाराने नगर कार्यालयात ‘काच संवर्धक’ म्हणून काम मिळण्यासाठी अर्ज केला. आवक विभागातील लिपिकांनी ‘संवर्धन’ एवढेच वाचून तो आपल्याकडे धाडला. हरकत घेतली असता, “संवर्धन म्हणजे जनावरंच ना? मग तिकडेच विचारा की,” असे त्यांनी सांगितले. आपण तो परत पाठवला, त्यांनी पुन्हा आपल्याकडे. अर्जदार घरीच आहे.

२. मधल्या काळात घरच्यांचा धीर सुटत चालला आहे. “काच पुसायला एवढं शिकावं लागतं होय?” असे वडील येता-जाता विचारतात. आत्याने चष्म्याच्या दुकानात शब्द टाकून ठेवला आहे. आई मात्र शेजारणींना “आमची मुलगी काचेची डॉक्टर आहे” असे ठणकावून सांगते, त्यामुळे एकीने तडकलेला आरसा आणून दिला. तो सांधून दिला, हाच अर्जदाराचा आजवरचा कार्यानुभव. बाकी सगळीकडे आधी अनुभव आणा म्हणतात, आणि तो कुठून आणायचा ते सांगत नाहीत.

३. आपण काचांची जात, वय आणि दरवर्षी होणारी वाढ विचारली आहे. नम्रपणे कळविण्यात येते की काचांची संख्या फुटल्यावरच वाढते, आणि तशी वाढ होऊ न देणे हेच अर्जदाराचे काम आहे. लसीकरण झालेले नाही. तथापि आजवर लेखी उत्तर देणारे आपले कार्यालय एकमेव आहे, हे नमूद करताना अर्जदारास खरोखर गहिवरून येते.

४. आता मूळ मुद्दा. नगर वाचनालयाच्या जिन्यावरील मोठी रंगीत खिडकी पुढे झुकली आहे. येत्या सोमवारी कंत्राटदार ती हातोड्याने फोडून काढणार असून तिच्या जागी फुलाफुलांचे प्लास्टिक चिकटवलेली साधी काच बसणार आहे. लहानपणी अर्जदार अभ्यासाला बुट्टी मारून त्या जिन्यावर बसे आणि फ्रॉकवर पडणारा निळा-तांबडा उजेड बघत राही. या खिडकीपायीच ती या शिक्षणाच्या नादी लागली. खिडकी गेल्याने अर्जदाराची नोकरी जाईल असे नाही, कारण ती नाहीच. पण खिडकी फुटताना बघणे अर्जदारास झेपणार नाही. नगर अभियंत्यांचे पाय धरायचे तेवढे बाकी ठेवले. ते म्हणाले, “बाई, धोकादायक आहे ती. थांबवायची कुणाच्या सांगण्यावरून?” चौकशीअंती असे कळले की, मंडईमागची भिंत पाडण्याचे काम याच अभियंत्यांनी मुकाट्याने थांबवले होते, कारण तिच्या आडोशाला आजारी गाढव बसले होते आणि त्यास हलवण्यास आपण मनाई केली होती.

५. सबब, आपल्या निदर्शनास आणण्यात येते की सदर खिडकीत एक घोडा आहे. रंग पांढरा. स्वार केव्हाच गळून पडला आहे. डावा पुढचा पाय गुडघ्याखाली तडकला असून मान निखळत आहे. अशा अवस्थेत त्यास हलवल्यास तो दगावेल, हे अर्जदार आपल्या शिक्षणाच्या आधारे शपथेवर सांगू शकते. तरी त्यास जागेवरून हलवण्यास मनाई असल्याचा दाखला सोमवारपूर्वी मिळावा व उपचारासाठी अर्जदाराची नेमणूक व्हावी, ही कळकळीची विनंती. पगाराचे मागाहून बघता येईल. शिडी मात्र लागेल.

आपल्या कार्यालयाची, चुकून का होईना,
अर्जदार

शुक्रवार, कार्यालय बंद होण्यापूर्वी

सोबत :
पदव्युत्तर पदवीची प्रत
रुग्णाचे छायाचित्र (डावी बाजू)