देवळात साखर उतरली त्याची हकिकत

मसुरे

चिरंजीव निलेश यास थोरल्या भावाचा आशीर्वाद. इकडे आम्ही उभयता ठीक आहोत (तुझी वहिनी ठीक आहे, मी उभा आहे). सौ. किशोरी आणि मुलं मजेत असतील. तुझ्या तब्येतीचं विचारत नाही, कारण विचारलं की तू "एकदम फस्क्लास" म्हणतोस आणि मागोमाग तांब्याभर पाणी घटाघटा प्यायल्याचा आवाज फोनवर ऐकू येतो. परवा रक्त तपासून घे म्हटलं, तर नेमकं तुझ्या दुकानात गिऱ्हाईक आलं. सावंतवाडीत एवढे खिळे कोण विकत घेतं देव जाणे. पत्राचं बरं असतं, गिऱ्हाईक गेल्यावरही ते गल्ल्यावर पडून राहतं.

तुझं म्हणणं मला पाठ आहे. आजोबांना साखर होती, बाबांना होती, म्हणजे आपल्याला येणारच. मग तपासून काय आणि भात कमी करून काय? माझंही हेच मत होतं आणि ते मी वर्षानुवर्षं आमरसाबरोबर जेवत आलो. पण गेल्या महिन्यात पायात खिळा रुतला आणि मला कळलंच नाही. तुझ्या वहिनीला लादीवर रक्त दिसलं तेव्हा कळलं. त्या दिवसापासून मी घाबरलो आहे रे. बाबांचंही असंच सुरू झालं होतं, आणि शेवटी गुडघ्याखाली पाय काढावा लागला.

डॉक्टरांना मी सरळ विचारलं, दोष बाबांचा की माझा? ते म्हणाले, कलम कुठलं ते घराण्याने ठरवलं, पण खतपाणी तुम्ही घातलंत. त्यावर तुझ्या वहिनीने सुशीलाआत्याचं नाव काढलं. बाबांची सख्खी बहीण, रक्त तेच, अजून चालत शेतावर जाते, आणि साखरेचा पत्ता नाही. (डॉक्टर म्हणाले, आत्याच्या वाट्याला घराण्याचं हे देणं मुळात कमी आलं असेल, पण म्हणून तुम्ही खुर्चीत बसून राहायचं असं नाही.)

मला काही पटलं नाही, म्हणून मी वरच्या कोर्टात गेलो. देवळात कौल लावायचा ठरवला. देवाला चिकटवलेली उजवी पाकळी आधी पडली तर दोष वाडवडिलांचा, डावी पडली तर माझ्या ताटाचा. कौलाला उपाशी जायचं म्हणून सकाळपासून काही खाल्लं नाही. डॉक्टरांनी दिलेली साखरेवरची गोळी मात्र इमानाने घेतली. (हसू नकोस. गोळी म्हणजे काही खाणं नव्हे, असा माझा समज होता.)

गाऱ्हाणं घातलं शेजारच्या महादूने. त्याला हळू बोलता येत नाही हे तुला ठाऊक आहेच. "बा म्हाराजा, ह्येच्या वाडवडलांकडून काय चुकला असात, नायतर ह्येच्याच हातान काय चुकला असात, तर ता पायाखाली घाल आणि ह्येची साखर जाग्यार आण रे म्हाराजा!" सगळी मंडळी "व्हय म्हाराजा!" म्हणाली आणि अख्ख्या वाडीला माझी साखर कळली. पाकळ्या मात्र चिकटल्या त्या चिकटल्याच. दुपार चढली. माझे हात कापायला लागले, घामाने सदरा भिजला, एका समईच्या दोन दिसू लागल्या. हाक मारायची होती, पण जीभ वळेना. तेवढ्यात महादू ओरडला, "अवसर इलो!"

झालं! देव अंगात आला म्हणून लोकांनी हात जोडले. महादूने तर लगेच आपल्या काजूबागेची हद्द विचारून घेतली. इथे मी मरतोय आणि हा हद्द विचारतोय! तेवढ्यात गर्दीतून तुझी वहिनी घुसली. "अवसर खंयचो! साखर उतारली ह्यांची, सरा बाजूक!" म्हणत तिने नैवेद्याचा गूळ माझ्या तोंडात कोंबला, वर साखरेचं पाणी पाजलं. (जी साखर सोडा म्हणून ती माझ्यामागे हात धुऊन लागली होती, तीच तिने रडत रडत भरवली.)

पण मंडळी कसली हलतात! "म्हाराजा, काय हुकूम आसा?" म्हणून पुन्हा विचारलंच. तेव्हा माझ्या तोंडून शब्द निघाले, "धाकट्याक सांगा, रगत तपासून घे." सगळी वाडी साक्षीला आहे. तेव्हा मी थोरला म्हणून आता काही सांगत नाही. हुकूम वरून आला आहे, तुझं तू बघ.

तुझा दादा,
भिकाजी

ता. क. येताना खाऊ आणू नकोस, तुझी वहिनी पिशव्या तपासते. डॉक्टर गोळीवरून खूप ओरडले. आता जेवणाशिवाय गोळी नाही आणि संध्याकाळी चालल्याशिवाय चहा नाही.

आणखी एक. हे लिहायचं नव्हतं, पण तुझ्याशी खोटं बोलवत नाही. तो हुकूम देवाचा नव्हता. गूळ पोटात गेला तसा मी पुरता भानावर आलो होतो. लोक समोर हात जोडून उभे होते, आणि मनात आलं, माझं तू ऐकत नाहीस, देवाचं तरी ऐकशील. तुझ्या वहिनीच्या ते लक्षात आलं, पण तिने मला उघडं पाडलं नाही, हाताला धरून घरी नेलं. दुसऱ्या दिवशी एकटा जाऊन मी देवाची माफी मागितली. निलेश, बाबांचा पाय काढला तेव्हा त्यांच्या उशाशी तू बसला होतास. उद्या वेळ आलीच तर माझ्याही उशाशी तूच बस. मला मात्र तुझ्या उशाशी बसायला लावू नकोस.