तेवढीच शांतता

धाकट्या,

माझ्या रेडिओ स्टुडिओचं टेबल, माइकचा स्टँड, भिंतींना जुन्या ब्लँकेटांचं अस्तर, सगळं मी या हातांनी केलं. कुणी शिकवलं नाही. त्याच माइकसमोर पाहुणा म्हणून बसून, मतं मागायला निघालेला तू छातीठोक म्हणालास, "आईचं सगळं मीच बघतो."

मी एवढंच विचारलं, "तिला कुठल्या डोळ्यानं दिसत नाही?"

तू गप्प. मग हसलास, "दादा, हा काय प्रश्न झाला?"

माझ्या घरी आई रेडिओला कान लावून बसली होती. रात्री म्हणाली, "उद्या पुन्हा लावशील तेव्हा तेवढं काप रे. पोरगं आहे माझं."

कापलं. तिच्या शब्दाखातर, फुकटात. तिच्याखातरच हे पत्रही तुला पाठवणार नाही. एवढं मात्र लिहून ठेवतो: तेवढंच कापायला तुझा माणूस पन्नास हजार घेऊन आला होता. मी त्याला दारातूनच परत पाठवला.

तुझा नाइलाजाने थोरला