फणसाच्या फळीचा बाक

प्रिय सलिलदादा,

फोनवर बोलले असते, पण हल्ली अण्णा मला फोन स्पीकरवर टाकायला लावतात. म्हणून कागद. शेजारची किशोरी उद्या तुमच्या पनवेलला येतेय, तिच्या हाती देते.

तू रविवारी गेलास आणि आम्ही वादळात पडलेल्या फणसाच्या फळ्या माळ्यावरून काढल्या. चांगल्या सुकल्यात, पण दोन्ही फळ्यांना पन्हळीसारखा बाक आलाय. अण्णांनी गिटारच्या पाठीसाठी त्यातलीच एक घेतली.

नववीत तू अशीच एक फळी क्लॅम्पने टेबलावर आवळून सपाट केली होतीस. वरून रंधा मारलास, क्लॅम्प सोडले, ती परत वाकडी. अण्णा म्हणाले होते, तिला काय दम देतोस गाढवा, ती तुझी बहीण आहे का? मग महिनाभर आपल्याला एकच काम. फळी पालथी ठेवायची, डुगडुगते तिथे पाचर सरकवायची, फक्त उंच भाग काढायचा. मी झोपेतही करीन.

मंगळवारी अण्णांनी तेच केलं. तुझी नववीतली चूक. चारी बाजूंनी आवळली आणि शिट्टी वाजवत रंधा मारला. मी भुसा झाडत होते, वाटलं गंमत करतायत. क्लॅम्प सोडल्यावर ती वाकली, तरी मधून चिरून दोन पातळ पानं काढायला तशीच उभी धरून बॅन्डसॉच्या फिरत्या पात्याला लावली. वाकडी फळी आधाराला टेकेना. उडाली. त्यांचा अंगठा पात्यापासून सुपारीएवढा लांब होता. एक पान जाड, दुसरं पापड, मधे भोक. त्या भोकातून बघत म्हणाले, क्षिप्रे, लाकूडच नालायक, कुणी आणलं हे? हसले. मीपण हसले. चहा केला. मला काहीच वाटलं नाही. अजून वाटत नाहीये, वाटलं की कळवीन.

बुधवारी त्यांनी पाचर हातात घेऊन विचारलं, हे कशाला असतं गं?

तर काम असं. ते आंघोळीला गेले तेव्हा मी मशीनचं पातं काढून तांदळाच्या पिंपामागे ठेवलं. सांगितलं, रविवारी दादा धार लावायला घेऊन गेला. मंगळवारी मशीन चालवलं होतं हे त्यांना आठवलं नाही. ते तुला फोन करतील. नेलंय म्हण. धारवाला गावी गेलाय म्हण. शिव्या देतील, ऐकून घे. कधी आणतोस विचारलं तर येत्या रविवारी म्हण. दर वेळी येत्या रविवारी म्हण.

तुझीच,
क्षिप्रा